एक बोट खाली

सायकलवाल्या बळीरामनं चिठ्ठी हातात घेतली, लांब धरून पाहिली आणि परत दिली. "तुमीच वाचा, ताई. मास्तरचं अक्षर मले शाळेतही कधी लागलं नाही."

चारुशीलेनं वाचलं. "ब्रेकचे रबर, चारही. डायनामो काढून टाकणे. मागे अठराऐवजी वीस दात्यांचे फ्री-व्हील. सीट एक बोट खाली." वडिलांच्या बंडीच्या खिशात ती चिठ्ठी सापडली होती, कपडे कुणाला द्यायचे ते घरात ठरत असताना.

"मास्तर स्वता काहून नाही आले?"

"मी आणली सायकल," ती म्हणाली.

बळीरामनं सायकल उलटी केली. "रबर दोन तऱ्हेचे हायेत. हे टणक, वर्षभर चालते. हे मऊ, लवकर झिजते, पण पकडते."

"पकडणारे द्या."

डायनामो काढताना तो थोडा अडला. चांगला चालता डायनामो होता. "पण जड होते चाकाले," तो स्वतःशीच बोलला. मग नवीन फ्री-व्हील हातात घेऊन बोटानं फिरवलं. बारीक किरकिर झाली. "वीस दाते म्हणजे सपाटीले पाय जास्त फिरवा लागते, पण चढाले दम लागत नाही. मास्तरले आता हेच पाहिजे."

"आता म्हणजे?"

"म्हातारे झाले ना वं माय!" तो हसला. "परवाच गावावरून आलो मी, पण जायच्या आधी दोन महिने पाहत होतो. पुलाचा चढ पायी चढते, सायकल हातात धरून. मी दिसलो का टुणकन बसते अन् घंटी वाजवते. जसं काही आत्ताच उतरले होते."

संध्याकाळी घरी आल्यावर वडील ओसरीवर बसून चष्मा पुसत. बराच वेळ पुसत. आत येतच नसत. रस्त्यावर धूळ फार झाली आहे, असं चारुशीलेला वाटायचं.

सायकल सुलटी झाली. बळीरामनं सीटचा नट सैल केला. "एक बोट म्हणजे कोणाचं? माझं त मुसळावानी हाय."

सीटच्या दांड्यावर, जिथं तो इतकी वर्षं फ्रेमच्या तोंडाशी थांबला होता, तिथं गंजाचं बारीक कडं उमटलं होतं. तिनं त्या कड्याच्या वर आपलं बोट आडवं ठेवलं. वडिलांसारखंच होतं ते, निमुळतं. बळीरामनं माप डोळ्यात धरलं, तिचा हात बाजूला केला आणि सीट दाबली. कडं आत गेलं.

नट त्यानं हातानंच फिरवला आणि पाना खाली ठेवला. "धाडून द्या मास्तरले. बसणाऱ्यानं बसून पाहिल्याबिगर मी कसत नाही."

"कसून टाका."

"अशी कशी? पाय टेकते का नाही, पाहा लागन ना. आज नाही त उद्या येतीन."

"नाही येणार." तिनं हँडल धरलं होतं. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना हे सगळं दादाच सांगत होता. तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. "बाबा गेले, बळीरामभाऊ. सोळा दिवस झाले."

बळीराम फडक्याला हात पुसत राहिला. हात कधीचे कोरडे झाले होते. फडकं त्यानं खांद्यावर टाकलं.

"मग खाली काहून करा लागते," तो म्हणाला.

त्यानं नट पुन्हा सैल केला आणि दोन्ही हातांनी सीट वर ओढली. गंजाचं कडं बाहेर आलं आणि फ्रेमच्या तोंडाशी येऊन थांबलं. त्यानं वाकून पाहिलं, केसभर सरळ केली.

मग, कुणीही बसून पाहिलं नव्हतं तरी, त्यानं पाना उचलला आणि नट कसला.