टाळ्या

उदगीरच्या नाटकांत खाष्ट सासू म्हटलं की सुभद्राबाईच. त्यांनी स्टेजवर सुनेचे केस धरले, की समोर बसलेल्या बाया शिव्या हासडायच्या. त्यांच्या शेजारी राहायला आल्यावर मनतशाला कोण आनंद झाला! भिंतीपलीकडं सुभद्राबाईंचा आवाज चढला, सून रडायला लागली, की ती कडेवरच्या बाळाचे हात धरून टाळ्या वाजवायची.

आज गच्चीवर ती सून, राजकन्या, भेटली.

"भाभी, घरात तालीम लई रंगून राहिली तुमची! नाटक कधी हाय?"

"सासूबाईंनी नाटक कवाच सोडलं की." राजकन्येनं भाजलेल्या मनगटावर पदर ओढला.



तेवढ्यात खालून सुभद्राबाई कडाडल्या, "राजकन्येऽऽ!"

आणि कडेवरचं बाळ हसून टाळ्या वाजवू लागलं.