ओला गोंद

"वहिनी, हे मिस्त्रीचं काम. बाईमाणसाला जमतंय होय?" दाराशी उभा राहून दीर हसला.

नवरा गेल्यापासून शेवंता स्वयंपाकघरात झोपत होती आणि तिच्या खोलीत दिराचं लोखंडी कपाट ठाण मांडून बसलं होतं. नवी फरशी घालायची म्हणून सकाळी तिने ते त्याच्याच हातून ओसरीत काढून घेतलं. मग एकटीने गोंद पसरला, त्यावर व्हिनाइलची प्लास्टिक चादर अंथरली. आता भिंतीकडेची शेवटची स्कर्टिंग पट्टी तेवढी राहिली होती.

"कपाट आत घेऊ का?"

"गोंद ओला आहे, भाऊजी. वजनाने फरशी सरकेल. उद्यापर्यंत काही ठेवायचं नाही."

"मग उद्या ठेवतो."

तिने पट्टीवर शेवटचा खिळा ठोकला.

"उद्या माझी खाट येणार आहे. व्हिनाइलचा तुकडा उरलाय, तो घ्या. ओसरीतलं कपाट झाकायला होईल."