आकाशात हरवलेल्याची गोष्ट

“वाच गो,” सावित्रीबाई म्हणाल्या. “भटजीकय आयकांदे.”

सुगंधाने मासिकाचं वेष्टन फोडलं. घरापुढच्या खळ्यात निम्मं मिठबाव गाव जमलं होतं. रशियाने आकाशात कृत्रिम चंद्र सोडल्यापासून गावाला दुसरं काही सुचत नव्हतं. वाचनालयातल्या पोथ्यांवर धूळ चढली होती आणि ग्रहताऱ्यांच्या गोष्टींवर मात्र झोंबाझोंबी चालायची. सध्या सगळे उदयनच्या मागे वेडे झाले होते. हा वीर यानात बसून शुक्रापलीकडे गेला आणि तिकडेच हरवला. अंक आला की वाचनालयाचा गुरुदास तो न फोडता सावित्रीबाईंच्या सुनेकडे आणून देई, कारण सुगंधासारखं वाचणारं गावात कोणी नव्हतं. आज शेवटचं प्रकरण होतं.

सुगंधाचा नवरा शंकरही हरवलेलाच. लग्नाच्याच वर्षी मचव्यावर मुंबईला निघाला आणि वादळात मचवा फुटला. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, त्याचं लागलं नाही. अशा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा पुतळा जाळून त्याचे दिवस घालायचे, ही रीत. ती मुदतही सरली होती. भावकी कुरकुरत होती आणि भटजी खेपा घालत होते.

सावित्रीबाई कोणालाच दाद देत नव्हत्या. “माझो झील शंकर येतलो,” एवढंच पालुपद. सुनेच्या कपाळी ठसठशीत कुंकू हवं, श्रावणात कासार दारी यायलाच हवा, कोणाची ओटी भरायची असली की तिलाच पुढे करायचं. स्वतः मात्र उपास करकरून त्यांचं चिपाड झालं होतं. सांज झाली की दर्याकडे तोंड करून बसायच्या. ते पाहून सुगंधाच्या काळजाला घरं पडत. तिची स्वतःची आशा कधीच संपली होती, पण या खुळ्या आशेपायी म्हातारी मरणार, ही धास्ती तिला जगू देत नव्हती.

गेल्या महिन्यात भटजींनी फारच लावून धरलं, तेव्हा सावित्रीबाईंनीच चारचौघांत तोड काढली होती.

“ह्या गोष्टीतलो उदयन परत इलो, तर माझो शंकरय येतलो. मगे पुतळ्याचा नाव काढूचा नाय. नाय इलो, तर जाळा.”

भटजी हसले होते, पण कबूल झाले होते. त्यांनाही गोष्टीची चटक लागलेलीच होती.

सुगंधा वाचू लागली. यान पृथ्वीजवळ आलं. गुरुदास पुढे सरकला. तिने पान उलटलं आणि तिच्या नजरेने पुढच्या ओळी आधीच टिपल्या. यान समुद्रात अलगद उतरलं होतं. उदयन दार उघडून बाहेर आला होता. किनाऱ्यावर त्याची आई उभी होती.

सुगंधाने सासूकडे पाहिलं. गळ्याची हाडं मोजता येत होती. हे असंच चालू द्यायचं? नाही.

“यानाने पेट घेतला,” तिने वाचलं. आवाज जराही हलला नाही. “उदयनची राख झाली आणि ती आकाशातच राहिली.”

तिने मासिक मिटून मांडीखाली सारलं. मग भटजींनी घसा खाकरला.

“सावित्रीबाय, तुमी शब्द दिलेलो आसा.”

“आसा,” त्या म्हणाल्या. “अमावास्येक करा.”

माणसं गेली. सुगंधाने पेजेचं ताट सासूपुढे ठेवलं. “आये, आता तरी पोटभर जेवा. वाट बघूची सरली.”

सावित्रीबाईंनी ताट बाजूला सारलं. “असल्या गोष्टीत नायक कधी मरता गो? त्याच भरवशार मी शब्द दिललंय.”

सुगंधाची मान खाली गेली. “मीच बदललंय. तुमची ही आशा माका बघवना.”

“आशा खंयची?” सावित्रीबाईंनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. “वादळाच्या दुसऱ्याच सकाळी शंकर माका दर्याकाठार मेललो गावललो. ह्या हातांनी त्याका वाळूत पुरलंय, आणि तुझा कुंकू कपाळार रवाक होया म्हणान वाट बघूक बसलंय.”