दाट पाणी

मिनेसोटातल्या त्या शाळेत आज सातवीच्या वर्गात द्रवांची शर्यत होती. ज्याने त्याने घरून काहीतरी आणायचं आणि तिरक्या ट्रेवरून सोडायचं. तेल धावत सुटलं, मेपलचा पाक रेंगाळत निघाला. मारेनचं पाणी त्याच्याही मागे राहिलं.

"ए, चीटिंग! हे कसलं गं पाणी?" डेस्मंड ओरडला.

"पाणीच आहे. आई पावडर घालून दाट करते. पातळ पाणी बाबांना गिळता येत नाही, छातीत जातं."

लिंडक्विस्ट मिसनी घाईघाईने बरणी सरळ केली. "अगं, सगळं ओतू नकोस. बाबांना लागेल ना घरी?"

"नाही लागणार, मिस. गिळता अजूनही येत नाही, पण काल नर्स म्हणाली, आता साधं दिलं तरी चालेल. मागतील ते द्या."