फिरत्या वजनांची नाव

“सावकाश. ट्यूब फाटली तर समदंच बुडंल,” सूर्यभान म्हणाला.

ट्रकच्या ट्यूबवर लोखंडी अँगलची चौकट, तिच्यावर मोटार, बॅटरी आणि उलटसुलट फिरणारी दोन बिडाची वजनं. हे धूड त्याने आणि जोडीदार बद्रीनाथने शेततळ्याच्या उतारावरच्या पाणी मुरू नये म्हणून अंथरलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कागदावरून ओढत खाली नेलं. मध्येच काहीतरी चरचरलं. सूर्यभानने घाईघाईने ट्यूब चाचपली. ती शाबूत होती, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

वाळूजच्या कारखान्यात लेथवर पाळी भरायची आणि उरलेला सगळा वेळ या यंत्रापायी घालवायचा, असं सूर्यभानचं आठ वर्षं चाललं होतं. ना चाक, ना पंखा, ना वल्हं. वजनं नुसती गरगरली की गाडा पुढे गेला पाहिजे, हा त्याचा ध्यास. घरच्या फरशीवर गाडा सरकायचाही. पण एका प्राध्यापकाने हसून सांगितलं, “हादऱ्याने फरशीला धरून चालतंय ते. पाण्यावर चालवा, मग बोलू.”

दगडाबाईने, त्याच्या बायकोने, तोच शब्द उचलून धरला. तिची दोनशे मोसंबीची झाडं या तळ्याच्या जिवावर उभी होती. मृगापर्यंत दुसरं पाणी नव्हतं. तरी तिने तळं वापरू दिलं.

“चाललं तर तुमचं खरं. नाय चाललं तर उद्या भंगारात. आन् माझ्या पाण्याची नासाडी नाय झाली पायजे.” एवढं सुनावून ती उताराच्या बांधाखाली, बागेत खुरपायला गेली.

बद्रीनाथ पडेगावला जळक्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचा. मोटारसायकलच्या लॉकचा रिमोट यंत्राला बसवण्याची अक्कल त्याचीच. समोरासमोरच्या काठांवरून दोऱ्या धरून दोघांनी यंत्र मधोमध नेलं, त्याचं तोंड पुन्हा त्याच उताराकडे केलं आणि दोऱ्या सोडल्या. या खटाटोपात तास गेला. बद्रीनाथ वळसा घालून सूर्यभानजवळ आला. वाऱ्याचा मागमूस नव्हता.

बद्रीनाथने रिमोट दाबला. वजनं घरघरली. यंत्र जागच्या जागी थरथरलं आणि मग बोटभर, वीतभर करत त्यांच्याकडे येऊ लागलं.

“येतंय गड्या,” बद्रीनाथ म्हणाला.

सूर्यभानच्या डोळ्यांना धारा लागल्या. सगळ्या गावाने त्याला येड्यात काढलं होतं. आज त्याला कुणाचाच राग येईना.

“बंद कर. थांबतंय का बघू.”

वजनं थांबली. यंत्र थांबेना. मिनिट गेलं, दोन गेली. उलट त्याचा वेग वाढला. बद्रीनाथने रिमोट पुन्हा पुन्हा दाबून पाहिला.

“वजनं बंद हायत, सूर्यभान. मग हे कशावर चाललंय?”

“जोर साठलाय त्यात,” सूर्यभान कसाबसा बोलला. “आपल्याला वाटलं त्याच्यापरीस लई मोठं काम झालंय हे.”

यंत्र सरळ येऊन, मघा चरचरलं होतं नेमकं तिथेच, खाली उताराला टेकलं. सूर्यभानने हात जोडले. एवढ्यात मागून दगडाबाई बांधावर चढून आली. तिला धाप लागली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलं होतं.

“चाललं गं,” तो म्हणाला. “देवाशपथ, आपल्या आपण चाललं.”

तिने यंत्राकडे पाहिलंही नाही.

“बांध फुटलाय खालून,” ती म्हणाली. “तळ्याचं समदं पाणी तुमच्या पायाखालून चाललंय.”