आईचं वाक्य

मी तान्ही असतानाच आई गेली. त्याआधी लोणावळ्याजवळ एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. त्यात चहावाली म्हणून तिला एकच वाक्य मिळालं होतं, “बसा, आलाच चहा!” तो सिनेमा परवा टीव्हीवर पैसे भरून लावला आणि सेट-टॉप बॉक्सवर रेकॉर्ड केला.

पण बॉक्स काही पेन ड्राइव्हवर कॉपी करू देईना. कस्टमर केअरवाला म्हणाला, “कॉपीला परवानगी नाही, मॅडम. उद्या रेकॉर्डिंग आपोआप डिलीट होईल.”

“अहो, माझी आई आहे त्यात! तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता!”

“सॉरी, मॅडम.”

शेवटी टीव्हीसमोर मोबाइल धरून तेवढं वाक्य टिपलं. मला वाढवणारी मावशी शेतावरून आली, तिला दारातच थांबवून ऐकवलं.

ती स्क्रीनकडे बघतच राहिली. “अक्काच हाय गं. पर आवाज तिचा न्हाई. दुसऱ्याच बाईचा घातलाय.”

“मग तिचा कसा होता?” मी ओरडलेच.



“आत्ता तू वरडलीस ना, तस्सा.”