चव तीच आहे

“म्हणजे तुमच्या खानावळीची चव पूर्वीसारखीच आहे, हे तुम्हाला मान्य आहे?” डॉक्टरांच्या वकिलांनी विचारले.

“मान्य कसलं करायचं?” यशोदाबाई खुर्चीत ताठ झाल्या. “तीस वर्षांत माझं एक ताट परत आलं नाही. आजही येत नाही. पंचवटीत कुणालाही विचारा.”

वकिलांनी समाधानाने मान डोलावली आणि यशोदाबाईंशेजारी बसलेल्या सरितेच्या लक्षात आले: सासूबाईंनी आपल्याच हाताने आपल्या तक्रारीवर पाणी ओतले होते.

नाशिकच्या ग्राहक आयोगातली ती मध्यस्थीची खोली. सव्वा वर्षापूर्वी, समोर बसलेल्या या तरुण डॉक्टरांनी यशोदाबाईंची खालची अक्कलदाढ काढली होती. दाढ आडवी रुतलेली, तरी आधी एक्स-रे काढला नाही. जिभेची शीर दुखावली. उजव्या अर्ध्या जिभेची चव गेली ती परतलीच नाही. उरलेल्या अर्धीला पुरणपोळीसुद्धा तांब्याचे भांडे चाटल्यासारखी लागे. सहीसाठी पुढे केलेल्या इंग्रजी कागदात हा धोका छापलेला होता म्हणे, पण तो त्यांना कुणी वाचून दाखवला नव्हता. भरपाई मागायची ती चव गेल्याबद्दल, आणि चव तीच आहे असे आता खुद्द तक्रारदारच सांगत होत्या.

वकील करा, म्हणून घरातल्या सर्वांनी विनवले होते. “अर्धी जीभ शिल्लक आहे, भांडायला तेवढी पुरे,” असे म्हणून यशोदाबाईंनी तो विषय मिटवला होता.

“मग नुकसान ते कोणतं, साहेब?” वकील मध्यस्थांकडे वळले. “ज्यांच्या हातचं जेवायला आजही रांग लागते, त्या बाईंची चव गेली हे मानायचं कशावरून?”

मध्यस्थ म्हणून बसलेले निवृत्त न्यायाधीश चष्म्यावरून पाहत म्हणाले, “यशोदाबाई, तुम्हाला यावर काही सांगायचंय?”

यशोदाबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि त्या भिंतीकडे पाहत राहिल्या. सरिता ते पाहणे ओळखून होती. ही बाई हरेल, पण परक्यांसमोर आपला हात उणा पडला असे म्हणणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी सरिता सायखेड्याहून सून होऊन आली. पहिल्याच आठवड्यात तिने आमटीला फोडणी द्यायला घेतली, तर यशोदाबाईंनी तिच्या हातून पळी काढून घेतली. “सायखेड्याचं तिखट सायखेड्यातच राहू दे. तू भाज्या चीर.” तेव्हापासून ती चिरत आली होती. शेगडी, मसाल्याचा डबा आणि मिठाची बरणी, या तिन्हींवर एकच हात चाले.

खरे सांगावे, तर तो हात चारचौघांत उणा ठरणार. गप्प बसावे, तर ज्या बाईची जीभ गेली तिलाच जग खोटारडी म्हणणार. सरिता उभी राहिली. आपण उभ्या राहिलो आहोत, हे तिला जरा उशिराच कळले.

“चव तीच आहे, साहेब,” ती म्हणाली. “पण ती रोज मी सारखी करते.”

“म्हणजे?”

“दाढ काढल्याच्या चौथ्या दिवशी आमटी खारट झाली. भाजी अगदी अळणी. माझे यजमान निमूट जेवले, कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून आई बाहेरच्या फळ्यावर भाज्यांची नावं लिहायला गेल्या, की मी पाचही पातेल्यांतलं मीठ बघते. कमी असेल तर घालते. जास्त असेल तर कणकेची गोळी, नाहीतर बटाटा सोडते. पंधरा मिनिटांत सगळं उरकावं लागतं. त्या आत येईपर्यंत मी परत कोथिंबीर निवडायला बसलेली असते.”

“हे किती वेळा केलंत?” वकिलांचा आवाज उतरला होता.

“रोज. सोमवारी खानावळ बंद असते, तेवढा वार सोडून.”

मग डॉक्टर हलकेच म्हणाले, “एक्स-रे काढायला हवा होता.”

वकिलांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. डॉक्टरांनी तो बाजूला केला.

“चूक माझी आहे, साहेब. आणि धोका त्यांना मी समजावून सांगितला नव्हता, हेही लिहा. भरपाई मी देईन.”

मध्यस्थ लिहू लागले. त्यातला एक शब्दही सरितेच्या कानांत शिरला नाही. तिला सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहण्याचा धीर होत नव्हता. ती त्यांच्या पायांशी वाकली.

“आई, चुकले मी. तुमच्या पाठीमागे तुमच्या पातेल्यांना हात लावला. आणि आज सगळ्यांसमोर बोलले.”

यशोदाबाईंनी तिला दंडाला धरून उठवले आणि आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवले. बराच वेळ त्यांनी तो दंड सोडला नाही.

“वेडे,” त्या म्हणाल्या, “चार भाज्यांची नावं लिहायला कुणाला पंधरा मिनिटं लागतात?”